एका माशीचे नामकरण

आमच्या घरी ‘माश्या मारणे’ हा वाक्प्रचार माझ्यापुरता १९७० साली रूढ झाला. त्या वर्षी मी प्राणिशास्त्रातील संशोधनासाठी दिल्लीस गेले. मुलगी दिल्लीत करते तरी काय, असे कोणी विचारले की वडील अत्यंत गंभीर मुद्रेने ‘माश्या मारते’ असे सांगत, आणि विचारणारे गृहस्थ काही अप्रिय विषय निघाल्यासारखे संकोचून गप्प बसत. उत्तर अक्षरशः खरे होते. मी माश्या पकडीत होते, ईथरने त्यांना मारीत होते, सत्तर टक्के मद्यार्कात बुडवीत होते, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या अंगावरचे केस मोजीत होते.

या माश्या म्हणजे स्वयंपाकघरात पिकल्या केळ्यांच्या घडाभोवती जी दोन-तीन मिलिमीटर लांबीची चिलटे घिरट्या घालतात, ती. मराठीने त्यांना चिलट म्हटले, घुंगुरटे म्हटले आणि तेवढ्यावर विषय संपवला. शास्त्राने त्यांचे ड्रॉसोफिलिडी नावाचे स्वतंत्र कुळ मानले असून त्यात आजवर चार हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकी एकीचे, ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टरचे, दैव उघडले. १८३० मध्ये मायगेन यांनी तिचे वर्णन केले तेव्हा ती शेकडो माश्यांतील एक होती. पुढे मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत दुधाच्या बाटल्यांत ती वाढली, तिच्यामुळे आनुवंशिकीचा पाया घातला गेला आणि १९३३ चे नोबेल पारितोषिक मॉर्गन यांना मिळाले. तिच्या इतर भगिनींकडे मात्र फारसे कोणी फिरकत नसे. फिरकणाऱ्या थोड्या लोकांत मी एक होते, आणि त्या वयातल्या कोणाही विद्यार्थ्याप्रमाणे आपल्याला एखादी नवी जाती सापडावी अशी माझी गुप्त इच्छा होती.

माझे मार्गदर्शक मूळचे पेशीशास्त्रज्ञ. माशीच्या अळीच्या लाळग्रंथीतील महाकाय गुणसूत्रे हा त्यांचा खरा विषय; बाहेरची माशी ही त्यांच्या लेखी गुणसूत्रांची पिशवी होती. तेव्हा ओळख पटवण्याचे काम मी बहुतांशी पुस्तकांवरून शिकले. विभागाच्या ग्रंथालयात ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतील द्विपंखी कीटकांवरचे ब्रुनेटी यांचे तीन खंड होते: १९१२, १९२० आणि १९२३ चे. एन्रिको ब्रुनेटी हे कलकत्त्यात संगीतावर उदरनिर्वाह करणारे गृहस्थ. वाद्य बाजूला ठेवून हा मनुष्य रात्री माश्यांच्या पंखांतील शिरा न्याहाळीत बसला असेल, हे चित्र माझ्या मनात कायमचे बसले आहे. माझ्या कुळाचा त्या तीन खंडांत पत्ताच नव्हता. तरीही मी ते उघडून बसे, कारण वर्णन कसे करावे याचा वस्तुपाठ त्यांत मिळे. जातिवर्णनाची एक चमत्कारिक भाषा असते. तीत क्रियापदे जवळजवळ नसतात. डोके असे, कपाळ एवढे, स्पर्शिकेच्या तिसऱ्या पेराचा रंग असा, पाठीवरील केसांच्या ओळी इतक्या. लिहिणारा कोण, त्याला हे पाहताना काय वाटले, याचा मागमूस नाही. मराठी ललित गद्यावर वाढलेल्या माझ्यासारखीला प्रथम ही भाषा रूक्ष वाटली आणि वर्षभराने तिची सवय अशी जडली की घरी पाठवायच्या पत्रांतही क्रियापदे गळू लागली.

१९७१ च्या मे महिन्यात मी सुट्टीसाठी गुहागरजवळच्या आमच्या गावी गेले. बरोबर शोषकनळी, ईथरची कुपी आणि झाकणाच्या लहान बाटल्यांचा खोका होता. काजूचा हंगाम सरत आला होता. बिया काढून घेतल्यावर बोंडवांचे ढीग झाडाखालीच टाकून देत, आणि दोन दिवसांत त्यांना जो आंबूस, उग्र, थोडासा मादक वास सुटे तो परसातून थेट माजघरापर्यंत येई. त्या ढिगांवर चिलटांचे अक्षरशः ढग असत. माझ्या विषयाच्या दृष्टीने हे घर म्हणजे अलिबाबाची गुहा होती आणि लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या मी त्या गुहेत काही न पाहता काढल्या होत्या.

घर आत्या सांभाळीत असे. सोळाव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी परत आली ती तेथेच राहिली. आजोबांच्या पश्चात आंबा, काजू, माड, गडीमाणसे, कूळकायद्यानंतर उरलेले दोन तुकडे, हे सर्व तिनेच पाहिले. सातबाराच्या उताऱ्यावर मात्र नावे वडिलांची व काकांची. घरातल्या लग्नपत्रिकांवर ती कधी आली नाही. मतदारांच्या यादीत तिचे नाव होते, तेही चुकीचे छापलेले, आणि ते दुरुस्त करून घ्यावे असे तिला कधी वाटले नाही. “मत मीच देत्ये ना, मग झालं,” असे ती म्हणे.

बोंडवांच्या ढिगापाशी मी उकिडवी बसलेली पाहून ती पदर खोचून जवळ आली. “अगो, दिल्लीला जाऊन हे शिकलीस? चिलटं धरायला?” शोषकनळी ही वस्तू दिसायला हास्यास्पदच असते. एक काचेची नळी, तिला जोडलेली रबराची नळी, आणि मध्ये मलमलीचा तुकडा, नाही तर माशी थेट घशात जायची. एक टोक माशीजवळ न्यायचे आणि दुसरे तोंडात धरून हलकेच श्वास ओढायचा. आत्याने दोन दिवस माझी चेष्टा केली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे, मी उठण्यापूर्वी, स्वतःच नळी घेऊन बसली. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. चिलटे सकाळी आणि सायंकाळी अधिक येतात, दुपारी ढिगाच्या खालच्या ओल्या अंगाला जाऊन बसतात, हे तिने मला सांगितले. मी ते पुढे एका निबंधात वाचले.

त्या पकडीत एक वेगळी माशी होती. नुसत्या डोळ्यांनीही ती ओळखू येई: पिंगट अंग, लाल डोळे, आणि डोक्यापासून पाठीवर थेट मागपर्यंत गेलेले रुपेरी पांढरे पट्टे, प्रत्येक पट्ट्याला दोन्ही बाजूंनी काळी किनार. आत्या तिला ‘जरीकाठी’ म्हणू लागली. “आज जरीकाठी सात मिळाल्या गो,” असे ती संध्याकाळी हिशेब दिल्यासारखे सांगे. या वर्णनात शास्त्राच्या दृष्टीने काही चूक नाही.

दिल्लीला परतल्यावर पट्ट्यांवरून वंश लगेच कळला. तो झाप्रिओनस. या वंशाचे मुख्य घर आफ्रिका. तेथील सर्वांत परिचित जातीचे नाव व्हिटिजर, म्हणजे पट्टाधारी. विसाव्या शतकाच्या आरंभी कोकिलेट यांनी ते दिले होते. पूर्वेकडील, म्हणजे आशियातील, काही जातीही ठाऊक होत्या. या दोन शाखांत पट्ट्यांच्या संख्येचा मौजेचा भेद आहे, आणि पुढे त्यावरच वंशाची विभागणी झाली: आफ्रिकेकडील शाखेच्या पाठीवरचे पट्टे सम संख्येत असतात, पूर्वेकडील शाखेचे विषम. माझ्या जरीकाठीचे पट्टे सम होते. ती कोकणात बोंडवावर सापडली होती खरी, पण तिचे गोत्र समुद्रापलीकडचे दिसत होते. हा धागा मी तेव्हा नीट धरला असता तर पुष्कळ काही कळले असते. मी त्यातून एवढाच अर्थ काढला की हिची तुलना आफ्रिकेतील व्हिटिजरशी करावी.

परदेशातील एका संग्रहालयाला पत्र लिहिले. जुन्या वर्णनांच्या छायाप्रती आल्या. पुढचे दिवस मी त्या कागदांत आणि सूक्ष्मदर्शकात घालवले. पुढच्या पायांच्या मांडीवरील काटे पाहिले. पंखाच्या पुढच्या कडेच्या दोन खंडांची लांबी मोजून त्यांचे गुणोत्तर काढले. नराच्या उदराचे टोक कापून दाहक पोटॅशच्या द्रावणात उकळले, म्हणजे मांस विरघळते आणि जननांगांचा कठीण सांगाडा काचेसारखा स्वच्छ उरतो. या कुळात दोन जाती बाहेरून अगदी जुळ्या दिसल्या तरी येथे त्यांचे गुपित उघड होते, म्हणून जाणकार मनुष्य प्रथम तेच पाहतो. कॅमेरा ल्यूसिडा लावून मी त्याच्या आकृत्या काढल्या. एक नीट साधली की दहा फाडून टाकलेल्या असत.

मराठीत ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ असे म्हणतात. नक्कल करणाऱ्या लेखकाला मूळ पोथीच्या पानावर चिरडलेली माशी दिसली. त्याने एक माशी मारून आपल्या प्रतीत त्याच जागी चिकटवली. आपण या गोष्टीला हसतो. मला त्या दिवसांत त्या लेखकाचा हेवा वाटे. समोर जे आहे तेवढेच, जसेच्या तसे, कागदावर ठेवणे किती अवघड आहे हे मला कळत होते. व्हिटिजरच्या वर्णनाशी माझी माशी जुळू नये अशी माझी इच्छा होती, आणि डोळा इच्छेप्रमाणे पाहू लागतो. पट्ट्याचे मागचे टोक मी ‘स्पष्टपणे निमुळते’ असे लिहिले होते. मार्गदर्शकांनी तो मजकूर वाचला, चष्मा काढला आणि विचारले, “किती माश्यांमध्ये?” मी पाच पाहिल्या होत्या. त्यांनी पन्नास पाहायला सांगितले. पन्नासांत काहींचे टोक निमुळते होते, काहींचे बोथट, आणि एकीचे डावीकडे निमुळते व उजवीकडे बोथट होते. ते वाक्य गेले. अशी सात-आठ वाक्ये गेली. जी उरली ती मात्र टिकली: काटे, मोजमापे आणि नराची जननांगे यांवरून ही माशी व्हिटिजर नव्हती, यात शंका राहिली नाही.

आता नाव. नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता याबाबत मोठी मोकळी आहे. नावाला लॅटिन रूप हवे, ते पूर्वी त्या वंशात वापरलेले नसावे, त्याबरोबर छापील वर्णन असावे, एवढे पाळले की लेखक स्थळाचे, गुणाचे, व्यक्तीचे, कशाचेही नाव देऊ शकतो. स्वतःचे द्यायला नियमाची आडकाठी नाही, पण लाज नावाची दुसरी एक संहिता आहे. व्यक्ती स्त्री असेल तर नावाला लॅटिन षष्ठीचा ‘ए’ हा प्रत्यय लागतो. मी आत्याच्या नावाला तो लावून पाहिला. छान बसला. ते नाव मी हस्तलिखिताच्या शिरोभागी टंकलिखित केले आणि एक नर माशी नामाचा आधारभूत नमुना म्हणून वेगळी काढून ठेवली. अशा नमुन्याच्या टाचणीला लाल कागदाची चिठ्ठी लावतात. ती चिठ्ठीही मी कापून ठेवली.

दिवाळीत गावी गेले तेव्हा आत्याला हे सांगितले. ती आधी हसली, मग थोडी रागावली. “माझं नाव चिलटाला? आणखी काही मिळालं नाही होय गो?” मी तिला समजावले की हे नाव आता जगातल्या प्रत्येक सूचीत येईल, लंडनला आणि पॅरिसला लोक ते वाचतील आणि शंभर वर्षांनीही बदलू शकणार नाहीत. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या, तेव्हा दळण पाखडता पाखडता तिने, जणू काही विशेष नाही अशा स्वरात, तो विषय स्वतःच काढला. संध्याकाळपर्यंत वाडीत सगळ्यांना कळले होते.

१९७२ च्या फेब्रुवारीत मी ग्रंथालयात वेगळ्याच कामासाठी गेले होते. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्ताचा छत्तिसावा खंड टेबलावर उघडा पडला होता. पान उलटताना वंशाचे नाव दिसले. जे. पी. गुप्ता यांचा १९७० चा निबंध: भारतातील झाप्रिओनसची एक नवी जाती. नाव इंडियानस. मी उभ्यानेच वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या पानावर खाली बसले. ते माझ्याच माशीचे वर्णन होते. माझ्या हस्तलिखितात जी वाक्ये कष्टाने टिकली होती, ती येथे दुसऱ्याच्या हाताने लिहिलेली, क्रियापदांवाचून, शांतपणे उभी होती.

ज्या अकादमीचे कार्यालय माझ्या खोलीपासून बसने अर्ध्या तासावर, तिच्या कार्यवृत्तातला निबंध मला दीड वर्ष दिसला नव्हता, आणि आफ्रिकेतील माश्यांची वर्णने मी सातासमुद्रापलीकडून मागवीत होते. याचा दोष दुसऱ्या कोणावर टाकता येण्यासारखा नाही. भारतात या माशीकडे आणखी कोणी पाहिले असेल हे माझ्या मनातच आले नव्हते. ब्रुनेटींच्या खंडांवर पोसलेल्या पिढीचा हा दृष्टिदोष म्हणावा, तर गुप्ताही त्याच खंडांच्या देशात वाढले होते.

अग्रक्रमाचा नियम स्पष्ट आहे: एका जातीला अनेक नावे पडली तर सर्वांत जुने वैध नाव राहते. माझे तर पडलेलेही नव्हते. मार्गदर्शकांनी हस्तलिखित परत दिले आणि म्हणाले, “निदान तुम्ही चुकीचे पाहिले नव्हते.” त्यांनी सांत्वन म्हणून म्हटले असेल. मला ते पुष्कळ दिवस पुरले.

आत्याला पत्राने कळवणे मला जमले नाही. मे महिन्यात प्रत्यक्ष सांगितले. तिने विचारले, “मग आता नाव काय तिचं?” मी सांगितले. “इंडियानस म्हणजे?” भारतातली, मी म्हटले. तिने क्षणभर विचार केला. “मग बरं झालं की. मी काय, दोन आगरांची मालकीण. तीसुद्धा कागदावर नाही.” आणि ती बोंडवांच्या ढिगाकडे वळली. वाडीत मात्र तिने कोणाला काही सांगितले नाही. पुढे कित्येक वर्षे शेजारच्या काकू मला विचारीत, “तुझ्या आत्याच्या नावाची ती माशी अजून आहे ना?” आणि आत्या माझ्याकडे न पाहता उत्तर देई, “आहे हो, जायची कुठे?”

आत्याचे नाव मी या लेखात लिहिलेले नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. हस्तलिखितातले ते लॅटिन रूप येथे छापले, तर वर्णनावाचून छापलेले नाव म्हणून शास्त्राच्या भाषेत ते ‘नग्न नाम’ ठरेल. तिला ते आवडले नसते.

येथवरची हकीकत दुर्दैवाची आहे, आणि दुर्दैव सांगायला मनुष्याला फारसा संकोच वाटत नाही. यापुढचा भाग मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

१९७३ मध्ये आणखी एक निबंध माझ्या हाती आला. भारतातूनच झाप्रिओनसची एक नवी जाती: पॅराव्हिटिजर, म्हणजे व्हिटिजरच्या जवळची. नावापुढे दोन मराठी आडनावे, गोडबोले आणि वैद्य, आणि वर्ष १९७२. मी माझी पेटी उघडली, वर्णनातील एकेक लक्षण माझ्या माश्यांशी ताडून पाहिले, आणि दोन दिवसांनी माझी खात्री झाली की हीही तीच जरीकाठी. ते काम नीट, बारकाईने केलेले होते. माझ्याप्रमाणेच त्यांनी व्हिटिजरपासूनचे वेगळेपण बरोबर ओळखले होते. माझे हस्तलिखित छापून गेले असते तर माझे नाव ज्या जागी उभे राहिले असते, त्याच जागी हे नाव उभे होते.

मला आनंद झाला. हा शब्द मी विचार करून लिहीत आहे. ज्या खड्ड्यात मी पडता पडता वाचले त्यात माझ्याहून जाणती माणसे पडली, याचा तो आनंद होता. तो दोन-चार दिवस टिकला. मग कर्तव्याची आठवण झाली आणि मी एक आंतर्देशीय पत्र लिहिले. मजकूर सभ्य होता: आपली जाती गुप्ता यांच्या इंडियानसशी एकदा ताडून पाहावी, माझ्यापाशी कोकणातील साठ-बासष्ट नमुने आहेत, ते पाठवू शकते. पत्ता लिहिला, कडा चिकटवल्या आणि पत्र टेबलाच्या खणात ठेवले. आपण अजून विद्यार्थिनी, आपले एकही छापील पान नाही, असे एक कारण. मूळ नमुने पाहिल्यावाचून बोलू नये, हे दुसरे, आणि दिसायला जास्त शास्त्रीय. दोन्ही कारणे खरी होती आणि दोन्हींच्या आड मी बसले होते. माझ्या आत्याचे नाव बुडाले, तर या नावाने का तरावे, असा हिशेबही मनात असेल. पण तरू देणारी तर मीच होते, म्हणून तो हिशेबही जुळत नाही. ते पत्र कधीच पेटीत पडले नाही.

परिणाम काय झाला? एकच माशी एकाच देशात दोन नावांनी नांदू लागली. पॅराव्हिटिजर या नावाखाली निबंध निघाले, वार्धक्यावर, शरीरक्रियेवर. इंडियानस या नावाखाली दुसरे निघाले. आणि दोन्ही वाचणाऱ्याला या दोन वेगळ्या जाती वाटाव्यात अशी स्थिती झाली. एकीवर केलेल्या प्रयोगाचे उत्तर दुसरीच्या अभ्यासकाला मिळत नव्हते. १९८५ मध्ये त्साकास यांनी फ्रान्सच्या कीटकशास्त्रीय नियतकालिकात निबंध लिहून दाखवले की गुप्ता यांची इंडियानस हीच आफ्रिकेत सर्वत्र आढळणारी, पण तोवर नीट न ओळखलेली जाती आहे. आज सूचीत इंडियानसच्या खाली पर्यायनामे म्हणून दोन नावे दिसतात: पॅराव्हिटिजर, १९७२, आणि कोलार्ती, १९८०. हे दुसरे नाव खुद्द त्साकास यांनी दिलेले. ते पाहिल्यावर मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. सूची मी एका अनोळखी ग्रंथालयात वाचत होते आणि न टाकलेले पत्र मला शब्दशः आठवत होते. बारा वर्षे. अर्थात माझ्या एका पत्राने सगळे सुरळीत झाले असते असे मी म्हणत नाही. विद्यार्थिनीच्या पत्राला कोणी किती महत्त्व देते! परंतु ते टाकले नाही, हे उरतेच.

पट्ट्यांच्या सम संख्येने मला १९७१ मध्ये जे सांगितले होते तेच अखेर सिद्ध झाले. ही माशी आफ्रिकेतील, माणसाच्या फळांबरोबर इकडे आलेली. तिचे नाव मात्र ‘भारतीय’ आणि ते बदलणार नाही, कारण नाव ही ओळखीची खूण आहे, जन्माचा दाखला नव्हे, असे संहिता मानते. १९९९ मध्ये ती ब्राझीलमध्ये प्रकट झाली आणि साओ पावलो राज्यातील अंजिराच्या बागांचा तिने मोठा नाश केला. पिकू लागलेल्या अंजिराच्या तोंडाशी जे बारीक छिद्र असते, तेथे ती अंडी घालते, आणि फळ आतून कामास येईनासे होते. २००५ मध्ये ती फ्लॉरिडात पोचली. तेथील बागाईतदार तिला ‘आफ्रिकन फिग फ्लाय’ म्हणतात. लॅटिनमध्ये भारतीय, इंग्रजीत आफ्रिकी. आणि आमच्या परसात जरीकाठी. अंजीरवाल्यांना या माशीचा पूर्वीचा अभ्यास शोधायचा झाला, तर त्यांना तिन्ही लॅटिन नावांखाली शोधावे लागले असेल. पर्यायनामांच्या यादीचा उपयोग तेव्हा कळतो.

आणि प्रकरण तेथेही मिटले नाही. २००८ मध्ये डीएनएच्या तपासणीतून असे आढळले की आफ्रिकेत इंडियानस म्हणून धरलेल्या माश्यांत आणखी दोन जाती लपलेल्या होत्या. त्यांना आफ्रिकानस आणि गॅबोनिकस अशी नावे मिळाली. डोळ्याला जेथे एक दिसत होती तेथे तीन होत्या. हे वाचल्यावर मी निवृत्तीनंतर प्रथमच पेटी बाहेर काढली, शेजारच्या महाविद्यालयातून सूक्ष्मदर्शक मागून आणला आणि माझ्या जरीकाठ्या एकेक करून पुन्हा पाहिल्या. माझ्या आता अधू झालेल्या दृष्टीला तरी त्या सगळ्या इंडियानसच दिसल्या. मी तशा चिठ्ठ्या लिहिल्या. संग्रहाचा एक शिरस्ता आहे: नवी ओळख पटली तरी जुनी चिठ्ठी काढायची नाही, नवी तिच्याखाली टोचायची. त्यामुळे प्रत्येक टाचणीवर आता तीन कागद आहेत. सर्वांत वर स्थळ, दिनांक, ‘काजूच्या बोंडवावर’, आणि संग्राहकाचे नाव. पुष्कळशा टाचण्यांवर ते आत्याचे आहे, कारण पहाटेची पकड तिची असे आणि नियमाप्रमाणे ज्याने धरले त्याचे नाव लिहायचे. त्याखाली माझ्या विद्यार्थिदशेतील अक्षरात, शाईने, ‘नवी जाती’ आणि पुढे प्रश्नचिन्ह. सर्वांत खाली नवी चिठ्ठी. लाल कागद पेटीच्या कोपऱ्यात तसाच पडला होता. तो कोणत्याही टाचणीला लागलेला नसल्यामुळे टाकून देण्यास हरकत नव्हती. तो मी टाकला.

२०२२ च्या डिसेंबरात ती पेटी मी एका संग्रहालयाच्या स्वाधीन केली. आत्याला जाऊन तेव्हा एकतीस वर्षे झाली होती. काउंटरवर एक तरुण संशोधक होता, नम्र आणि घाईत. त्याने नमुने मोजले, वहीत नोंद केली आणि थबकला. दमट हवेत मध्यंतरी पेटीत किडे शिरले होते. नऊ टाचण्यांवरच्या माश्या त्यांनी खाऊन टाकल्या होत्या, आणि त्या टाचण्यांवर नुसते कागद उरले होते.

“मॅडम, ह्या रिकाम्या टाचण्या काढून टाकू ना?” त्याने विचारले.

मी वाकून चिठ्ठ्या वाचल्या. “राहू द्यात,” मी म्हटले. “आणि नोंद पूर्ण संख्येचीच करा.”